थोरली मागून आली

त्या रविवारी मी पोचले तेव्हा ताई स्वयंपाकघरात कप पुसत बसल्या होत्या. पुसून झालेलेच कप परत पुसत होत्या.

"आलात जाऊबाई? खाली डोकावलात का?"

"नाही. आधी वर आले."

"मग जाऊच नका. खाली नुसता धूर आणि शहाणपण."

खालून हशा ऐकू आला. पाठोपाठ दातवाल्या डॉक्टरांचा खणखणीत आवाज, "अहो, प्लग बदलून काही होत नाही, मी तीनदा बदललेत!" ताईंनी खिडकी लोटून घेतली, पण पूर्ण लावली नाही. स्वयंपाकघराची ती खिडकी बरोबर गॅरेजच्या दारावर उघडते. भाऊजी म्हणायचे, घर घेताना मी खिडकी पाहिली आणि तिनं ओटा.

मी त्यांना ताई म्हणते आणि त्या मला जाऊबाई, यात नव्या माणसाचा नेहमी घोटाळा होतो. माझे दीर धाकटे, पण त्यांचं लग्न आधी झालं. आमच्या यांना मुलगी पसंत पडायला पुढे सहा वर्षं लागली. तोवर ताई त्या घरात मुरल्या होत्या. वयानं माझ्याहून सात वर्षांनी मोठ्या, घरात सहा वर्षांनी जुन्या, आणि नात्यानं धाकट्या. मी उंबऱ्यातून आत आले आणि आल्या आल्या थोरली झाले. भाऊजींनी त्या दिवशी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "थोरली मागून आली!" सगळे हसले. मला रडू आलं होतं. पुढे ते वाक्य घरात इतकं चाललं, की मी दारात दिसले की दोन्ही मुलं ओरडायची, "काकू आली, थोरली मागून आली!"

त्या मुलांपैकी एक आता गणिताचा मास्तर आणि दुसरी जनावरांची डॉक्टर. पण भाऊजींनी दोघांची नावं गाडीवरून ठेवली होती. मुलगा क्षणभर जागेवर बसायचा नाही म्हणून पिस्टन. मुलीनं धरलेली वस्तू सुटायची नाही म्हणून क्लच. तिशी उलटली तरी घरात तीच नावं.

गाडी म्हणजे ती हिरवी, दोन सीटांची, जमिनीला पोट टेकवल्यासारखी चालणारी स्पोर्ट्स कार. भाऊजी छापखान्यात मशिनवर होते. तिथं त्यांना कुणी उस्ताद म्हटलं नाही. पण महिन्याच्या पहिल्या रविवारी या गॅरेजात त्याच जातीच्या गाड्यांचे मालक जमत, आपापल्या गाडीची गाऱ्हाणी सांगत, आणि शेवटी बॉनेट उघडून भाऊजींकडे बघत. त्या गाडीला कार्ब्युरेटर दोन. इंजिनाला हवा आणि पेट्रोल पाजणारी दोन तोंडं, एक पुढे, एक मागे. दोघांनी सारखा श्वास घेतला तर गाडी मांजरासारखी गुरगुरते, नाही तर खोकते, थडथडते. सारखं करायची जुनी रीत म्हणजे रबरी नळीचं एक टोक कानाला, दुसरं आधी एका तोंडाशी, मग दुसऱ्या. दोन्हीकडचा सूं आवाज एक होईपर्यंत स्क्रू फिरवायचा. प्रेसवाल्यांसारखा कान कुणाचा नाही, असं ते सगळे भाऊजींबद्दल म्हणत. लांबलांबून गाड्या घेऊन येत.

भाऊजींना जाऊन चौदा महिने झाले होते. गाडीचं बिनसलं ते तेव्हापासूनच.

आज तिचा निकाल होता. पिस्टनची दुसऱ्या शहरात बदली झाली होती, ताई त्याच्याबरोबर जाणार होत्या, घर रिकामं करायचं होतं. क्लच तिसऱ्या मजल्यावर राहते, तिथं सायकल ठेवायलाही जागा नाही. रविवारच्या मंडळींतले घड्याळजी घड्याळं दुरुस्त करायचे; त्यांनी आपल्या शेडमध्ये जागा देऊ केली होती, पण एका अटीवर. "चालती गाडी ठेवतो. मढं नाही ठेवणार." म्हणून भावंडांत ठरलं होतं, या रविवारी गाडी सुरळीत चालली तर शेडमध्ये, नाही तर जुन्या गाड्या गोळा करणारा एक टोपीवाला ती घेऊन जाईल. टोपीवाल्याकडे त्याच जातीच्या दोन गाड्या होत्या, दोन्ही अर्ध्या. आमची खोलून तो त्यांतली एक पुरी करणार होता.

ताईंनी सगळ्यांचा चहा गाळला. स्वतःचा वेगळा ठेवला, बिनसाखरेचा. दातवाल्या डॉक्टरांनी त्यांची साखर तोडून बारा वर्षं झाली होती.

खाली गाडी सुरू झाली. मला तर भांडी घरंगळल्यासारखं वाटलं. ताईंचा हात मात्र कपावरच थांबला. मान किंचित कलली.

"पुढची उपाशी आहे," त्या हळूच म्हणाल्या. "मागची घटाघटा पितेय."

"मग सांगा ना त्यांना!"

"सांगितलं होतं. मागच्या महिन्यात पिस्टनला म्हटलं, पुढचीला थोडं जास्त पाज. म्हणाला, आई, बाबांनी स्वतः लिहून ठेवलंय, पुढची जास्त ओढते, तिला मागे घ्या. कान बाबांचा होता, तू चहाचं बघ."

"आणि तुम्ही ऐकून घेतलंत?"

"काय करू? त्यांनीच लिहिलंय म्हटल्यावर माझं ऐकणं खोटं." त्या कपांकडे बघत राहिल्या. "एवढी वर्षं मी सांगत आले ते त्यांना पटत नव्हतं की काय, कोण जाणे. नसेल पटत. लिहिताना स्वतःच्या मनाचं लिहिलं असेल."

कसलं सांगणं, ते मी विचारलं नाही. कारण मला ठाऊक होतं. घरात ठाऊक असलेली मी एकटीच.

तीस वर्षं छपाईच्या मशिनजवळ उभं राहून भाऊजींचे कान गेले होते. एकदम नाही. आधी पक्षी गेले, मग दाराची घंटा, मग मुलीचा आवाज. मशिनवर सगळेच ओरडून बोलतात, त्यामुळे बाहेर कुणाला कळलं नाही. ओठांवरून बोलणं ओळखायला ते शिकले. पण कार्ब्युरेटरला ओठ कुठले? तेव्हा ताईंनी युक्ती काढली. रविवारी त्या चहाचा कप हातात घेऊन गॅरेजच्या दारात उभ्या राहायच्या. भाऊजी नळी कानाला लावून डोळे बारीक करायचे, गंभीर चेहऱ्यानं. आणि बघायचे ताईंच्या चमच्याकडे. चमचा उजवीकडे फिरला की स्क्रू आवळायचा, डावीकडे फिरला की सोडायचा. चमचा बशीत उताणा ठेवला की झालं. ते हात पुसायचे, मालक टाळ्या वाजवायचे.

मी एकदा पाहिलं आणि विचारलं. ताईंनी मला शपथ घातली. भाऊजींनी शेवटच्या आजारात त्यांच्याकडून तेवढंच मागितलं होतं. "रविवारचं कुणाला कळू देऊ नकोस." ताई बोलल्या असत्या तर त्यांना ऐकू आलं नसतं. म्हणून ताईंनी नुसती मान हलवली. मान हलवली म्हणजे वचनच झालं.

"बिस्किटं तरी घेऊन जा खाली," ताई म्हणाल्या. "मी काही येत नाही. तिला खोलून नेताना मला नाही बघवायचं."

*

खाली काय चाललं होतं ते पिस्टननं मला पुढे कितीतरी वेळा सांगितलं, दर वेळी स्वतःला थोड्या जास्त शिव्या देत.

सकाळपासून त्याला सल्ले मिळत होते. टोपीवाला म्हणाला, व्हॉल्व जळालेत, इंजिन संपलं. घड्याळजी म्हणाले, संपलं म्हणायची घाई नको, टाकीत गंज असेल. टाकीत मूठभर खिळे घालून हलवा, गंज सुटतो. "आणि खिळे?" "तेही सुटतात. कधी ना कधी." डॉक्टरांनी दाताच्या जुन्या आकड्या आणल्या होत्या, त्या आकड्यांनी ते कार्ब्युरेटरच्या जेटची, म्हणजे पेट्रोल येण्याची, बारीक भोकं साफ करत होते आणि सवयीनं गाडीला म्हणत होते, "आ करा, अजून, अजून." ओल्या हवेत ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाखाली ओल धरते, तिथं केस वाळवायचं मशिन फिरवा, हा त्यांचा दुसरा सल्ला. घड्याळजींनी स्पीडोमीटरच्या तारेला घड्याळाचं तेल सोडलं होतं, वर म्हणाले, "आता हिचा काटा तरी खोटं बोलणार नाही. गाडी चालली तर."

पिस्टन सगळ्यांचं ऐकत होता आणि कुणाचंच करत नव्हता. त्याचा भरवसा एका चिठ्ठीवर होता. बॉनेटच्या आत, पुठ्ठ्यावर, बाबांच्या ठाशीव अक्षरात. तिच्याप्रमाणे त्यानं चौदा महिन्यांत कितीदा तरी स्क्रू फिरवला होता. गणिताचा माणूस; दिलेलं सूत्र बरोबर, उत्तर चुकतंय, म्हणजे आपला हात चुकतोय. म्हणून तो परत तेच करत होता.

"दादा, बस झालं. ती घाबरलीय," क्लच म्हणाली.

"गाडी घाबरत नसते."

"तू घाबरलायस मग. सकाळपासून एकाच स्क्रूला छळतोयस."

"तुला येतंय का? ये, कर! तुझ्या म्हशींना दोन तोंडं असतात का?"

"एक असतं. पण मी आधी तिचं ऐकते."

ते त्याला लागलं. कारण तो ऐकूच शकत नव्हता. नळी कानाला लावली की त्याला फक्त वारा ऐकू यायचा, पुढेही वारा आणि मागेही वारा. लहानपणापासून त्यानं बाबांना तिथं उभं पाहिलं होतं आणि मनात धरलं होतं, की हे आपल्याला वारशानं येईल, नाकासारखं. आलं नाही. गाडी गेली तर गेली, पण ती आपल्या हातून गेली, असं कायमचं राहणार होतं.

टोपीवाला माणूस वाईट नव्हता. तो कोपऱ्यात उभा राहून मोठ्यानं म्हणत कागदावर लिहीत होता, दरवाजे चांगले, दिवे चांगले, मागचा अ‍ॅक्सल चांगला. पण प्रत्येक "चांगला" ऐकताना क्लच वळून त्याच्याकडे बघत होती.

"तुम्ही जरा मनात लिहाल का?" ती म्हणाली.

"माफ करा," तो ओशाळून म्हणाला. टोपी काढली, परत घातली, आणि खरंच मनात लिहू लागला. ओठ हलत होते.

मी बिस्किटं घेऊन पोचले ती या वेळी.

"या काकू," पिस्टन म्हणाला. "तुम्हीही सांगून टाका एखादा उपाय. तुम्हीच राहिलात."

"मला काय कळतं त्यातलं? मी आयुष्यात या बॉनेटखाली डोकावले नाही."

"मग बघून घ्या. शेवटचंच दर्शन."

मी वाकून पाहिलं. तेल, तारा, दोन पितळी डबे एकामागे एक. आणि पुठ्ठा. चष्मा वर राहिला होता.

"काय लिहिलंय गं?" मी क्लचला विचारलं.

तिला पाठ होतं. तिनं न बघताच म्हटलं, "थोरली फार ओढते. दर वेळी अर्धा आटा मागे घ्यावी. धाकटीला हात लावू नये, ती शहाणी आहे."

मला आधी राग आला. मेल्यावरही सोडलं नाही मला या माणसानं! मग वाटलं, थांब.

"पिस्टन, आईला तू काय सांगितलंस? पुढची ओढते?"

"तेच की. थोरली म्हणजे पुढची. पहिली ती थोरली."

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे, काकू? थोरली पहिली येते, धाकटी मागून..."

तो बोलता बोलता थांबला. त्याचा चेहरा मी अजून विसरले नाही. दारात मला पाहून ओरडणारा सहा वर्षांचा पोर त्या चेहऱ्यातून वर आला.

"म्हण," मी म्हटलं. "लहानपणी घसा फुटेस्तोवर म्हणायचास ना? म्हण आता."

"थोरली मागून आली," क्लच म्हणाली.

"थोरली म्हणजे मी! आणि मी मागून आले. तुझ्या बापानं ते मला बत्तीस वर्षं विसरू दिलं नाही, आणि तुम्ही बरे विसरलात!"

घड्याळजी खो खो हसत सुटले. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी हातातली आकडी खाली ठेवली.

"म्हणजे चौदा महिने आपण सुनेला शिक्षा केली, तीही चुकीच्या," ते म्हणाले.

"मग सोपं आहे," टोपीवाला म्हणाला. खरं तर त्याचंच नुकसान होत होतं. "जेवढी पुढची मागे घेतली तेवढी पुढे करा."

सगळ्यांनी पिस्टनकडे पाहिलं.

"किती ते नाही आठवत," तो म्हणाला. "अर्धा आटा, परत अर्धा. मध्ये एकदा सगळा सोडून पहिल्यापासून केलं. मागचाही एकदा रागानं फिरवला."

गणिताचा मास्तर, आणि मोजलं नाही.

"म्हणजे आता कानानंच," घड्याळजी म्हणाले. "माझा बाद. पन्नास वर्षं टिकटिक ऐकून वेगळं काही ऐकूच येत नाही. डॉक्टर?"

"मला फक्त माणसं कण्हलेली कळतात."

नळी एकेकाच्या हातातून फिरली. क्लचनं लावली, टोपीवाल्यानंही लावली. तो म्हणाला, जरा फरक वाटतो बुवा, पण कुणीकडे ते कळत नाही. शेवटी घड्याळजी बोलले ते सगळ्यांच्याच मनातलं. "आज प्रेसवाले पाहिजे होते."

मी बिस्किटांची थाळी गाडीच्या नाकावर ठेवली आणि जिन्याकडे निघाले.

*

ताई ओट्याशी पाठ करून उभ्या होत्या. खिडकीतून अर्धंमुर्धं ऐकलं असावं.

"काय हसताय सगळे?"

"मला हसताहेत. ताई, भाऊजींनी काय लिहिलं होतं ठाऊक आहे? पुढची नाही लिहिलं. लिहिलं होतं, थोरली फार ओढते."

त्या वळल्या.

"थोरली?"

"आणि पुढे, धाकटीला हात लावू नये, ती शहाणी आहे."

आधी त्या हसल्या. तोंडावर पदर धरून, खांदे हलेपर्यंत. मग ते हसू कधी बदललं ते त्यांनाही कळलं नाही. मी पाणी दिलं ते त्यांनी हातात नुसतं धरलं.

"मीच सांगितलं होतं ते. शेवटच्या रविवारी. मागची ओढतेय म्हणून चमचा डावीकडे फिरवला होता, अर्धा फेरा. अर्धाच." त्यांनी डोळे पुसले. "मी दाखवलं तसंच लिहिलं होतं त्यांनी."

"तसंच. आता खाली चला. स्क्रू कुठल्या कुठे गेलेत. तुमच्याशिवाय कुणाला ऐकू येणार नाही."

त्यांनी पाण्याचा पेला ठेवला.

"खाली येऊन नळी कानाला लावू? सगळ्यांसमोर? आणि मग ते म्हणणार, अच्छा, म्हणजे प्रेसवाल्यांचं सगळं नाटक होतं."

"नाही तर गाडी जाईल, ताई."

"जाऊ दे. गाडी पत्र्याची. त्यांचं नाव तेवढं राहिलंय, तेही मीच पुसू?"

खालून पिस्टनचा आवाज आला. टोपीवाल्याला म्हणत होता, ट्रक आणा मागच्या दारानं. साधाच आवाज, पण ताईंनी तो असा ऐकला जसा त्या इंजिन ऐकायच्या, मान कलवून. मुलगा रडत नव्हता, आणि त्यांना कळलं की रडतोय.

त्यांनी आपला कप उचलला. बशी घेतली. बशीत चमचा ठेवला.

"दारापर्यंत येते," म्हणाल्या. "त्यापुढे नाही."

मला त्यांचा बेत कळला आणि वाईट वाटलं. चमचा फिरवून काय होणार? तो वाचणारे डोळे कुठे होते?

*

ताई गॅरेजच्या दारात आपल्या जागी उभ्या राहिल्या. चौदा महिन्यांत पहिल्यांदा.

"वहिनी, या ना आत," घड्याळजी म्हणाले.

"इथंच बरी आहे. एकदा सुरू कर रे गाडी. जायच्या आधी ऐकते."

पिस्टननं किल्ली फिरवली. गाडी खोकली, थडथडली, कशीबशी धरून राहिली. ताईंचा चमचा फिरू लागला. उजवीकडे, संथ. पिस्टन खाली मान घालून बसला होता. क्लच त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती. टोपीवाला आदबीनं जमिनीकडे बघत होता. चमचा फिरत राहिला. कुणाचं लक्ष नव्हतं. मला वाटलं, ओरडावं. शपथ आडवी आली.

तेवढ्यात डॉक्टर पुढे झाले.

त्यांनी पिस्टनच्या हातातून स्क्रू ड्रायव्हर काढून घेतला, नळी उचलली, एक टोक कानाला लावलं, दुसरं पुढच्या तोंडाशी धरलं. "एकदा मी बघतो," म्हणाले. वाकले. आणि डोळे बारीक करून दाराकडे पाहिलं. थेट कपाकडे.

चमचा क्षणभर अडखळला. ताईंचा चेहरा पांढरा पडला. मग चमचा परत फिरला, उजवीकडे. डॉक्टरांनी स्क्रू उजवीकडे फिरवला. पाव आटा, अजून पाव. थडथड कमी झाली. त्यांनी नळी मागच्या तोंडाशी नेली. चमचा डावीकडे. स्क्रू डावीकडे. पिस्टननं मान वर केली. परत पुढची. परत मागची. गाडीचा खोकला गेला. आरसा थरथरायचा थांबला.

"डॉक्टर!" घड्याळजी ओरडले. "तुम्हाला प्रेसवाल्यांचा कान आला!"

डॉक्टर कमरेवर हात ठेवून सरळ झाले. दाराजवळ गेले, आणि अगदी हळू, पण मला ऐकू येईल असं म्हणाले, "वहिनी, तुमची साखर मी बंद केली ना?"

"हो."

"मग बिनसाखरेच्या चहात बारा वर्षं काय ढवळताय?"

ताईंनी चहाकडे पाहिलं.

"मला पहिल्या वर्षीच कळलं," डॉक्टर म्हणाले. "म्हटलं, यांनी सांगावं असं वाटेल तेव्हा सांगतील. नाही वाटलं तर नको. म्हणून तर चहाच्या वेळेलाच गाड्या आणायचो आम्ही. त्याआधी आणून उपयोग नसायचा."

"आम्ही?" मी विचारलं.

"मी," ते म्हणाले. मग घड्याळजींकडे वळून पाहिलं. घड्याळजी एकाएकी बिस्किटात फार गुंतले होते. टाळ्या वाजवायला तेच सगळ्यांत पुढे असायचे.

"नाटक वाटलं असेल तुम्हाला," ताई म्हणाल्या.

"नाटक? वहिनी, कानानं गाडी लावणारे मी पाच-सहा पाहिलेत. बायकोच्या चमच्यावर डोळे लावून गाडी लावणारा एकच पाहिला. घरी जाऊन बायकोला सांगितलं तर ती आठ दिवस बोलली नाही माझ्याशी. म्हणाली, तुम्हाला तर मी हाक मारली तरी कळत नाही."

पिस्टन कधीच मागे येऊन उभा राहिला होता आणि हे सगळं ऐकत होता. एकदा आईकडे बघत होता, एकदा कपाकडे. शाळेत एखाद्या पोराला अवघड गणित कळतं तेव्हा तो कसा दिसत असेल, तसा दिसत होता.

"आई," तो म्हणाला. "पुढचीला थोडं जास्त पाज म्हणालीस तेव्हा..."

"राहू दे."

"मी तुला चहाचं बघ म्हणालो."

"बघत होते की," ताई म्हणाल्या.

गाडी चालूच होती. मला तर ती छान वाटत होती, घड्याळजींनाही. टोपीवाल्यानं कागद चार घड्या करून खिशात टाकला आणि चाचरत विचारलं, "माझ्या दोन आहेत. एक पुरी झाली, कशीही, तर ट्रकवर घालून आणीन. ऐकाल का?" पण ताईंची मान अजून कललेली होती. कपाळाला बारीक आठी. चमचा उचलला, फिरवावा तसा धरला, आणि नाही फिरवला. हवं होतं ते इतकं थोडं होतं, की चमच्यात मावणार नव्हतं.

त्यांनी कप माझ्या हातात दिला. दाराची चौकट ओलांडली. गाडीजवळ जाऊन डॉक्टरांपुढे हात केला. "आणा ती इकडे. धाकटी अजून जराशी कुरकुरतेय."

डॉक्टरांनी नळी दिली. ताईंनी ती कानाला लावली, डोळे मिटले आणि दुसऱ्या हातानं स्क्रू इतका फिरवला, की फिरवला असं कुणाला दिसलंही नाही. आवाजात काय बदललं ते मला सांगता येणार नाही. एवढंच, की त्यानंतर आम्ही सगळे हळू बोलू लागलो.

क्लचनं पुठ्ठा काढून आणला. खिशातून पेन काढलं, गाडीच्या नाकावर बिस्किटांशेजारी पुठ्ठा ठेवला.

"आता नीट लिहून ठेवते. घड्याळकाकांच्या शेडमध्ये परत घोटाळा नको. थोरली म्हणजे मागची. लिहू ना?"

"लिही," ताई डोळे न उघडता म्हणाल्या. "आणि खाली लिही, ऐकायचं धाकटीनं."